आजोबांचा टीव्ही आणि नातीची दहावी : स्वस्तातला वायरलेस हेडफोन कसा निवडावा?



दहावीच्या मुलांच्या घरी जानेवारी-फेब्रुवारीत आपण सगळेच गृहभेटीला जातो. अशाच एका भेटीची गोष्ट सांगतो. सेलू तालुक्यातलं गाव, दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत टीव्ही, आतल्या खोलीत चूल आणि गॅस, आणि मधल्या उंबऱ्याला टेकून पुस्तक घेऊन बसलेली आमची विद्यार्थिनी. टीव्हीचा आवाज एवढा, की अंगणात चप्पल काढेपर्यंत मला सगळ्या बातम्या कळल्या. मुलीची आई हळूच म्हणाली, "सर, आवाज कमी केला की आबा टीव्ही बंद करून पारावर जाऊन बसतात. मग जेवायलाबी येत नाहीत." आबांचं म्हणणं वेगळं. "मला ऐकू येतंय की समदं. ह्या टीव्हीचाच आवाज बारीक झालाय."

मी मोठ्या तोऱ्यात तोडगा सांगून टाकला, "आबांना ब्लूटूथ घेऊन द्या." मुलीच्या वडिलांनी बाजारातून कानात घालायचे छोटे बड्स आणले. घरी आल्यावर कळलं की टीव्हीत ब्लूटूथच नाही. मग टीव्हीला लावायचं एक छोटं यंत्र आणलं, तेही चाललं नाही. आणि बड्स आबांच्या कानात टिकेनात. एकूण दीड हजार रुपये आठ दिवसांत कपाटात जाऊन पडले. शेतमजुरीवर चालणाऱ्या घरात दीड हजार म्हणजे किती दिवसांचं काम, हे तुम्हाला सांगायला नको.

ते पैसे माझ्या अर्धवट सल्ल्यामुळे गेले. त्यानंतर मी नीट माहिती काढली, दुकानात बसून वस्तू लावून पाहिल्या. पालक आपल्याला मोबाइलपासून टॅबपर्यंत सगळं विचारतात, म्हणून ही माहिती इथे देतोय. मुख्य गोष्ट एकच आहे: हेडफोन सगळ्यात शेवटी निवडायचा. आधी टीव्ही पाहायचा, मग ऐकणाऱ्याचे कान आणि हात पाहायचे, आणि मग दुकानात जायचं.

१. आधी टीव्हीची पाठ बघा

स्मार्ट टीव्ही असेल तर सेटिंगमध्ये 'साउंड' किंवा 'रिमोट अँड ॲक्सेसरीज' या भागात ब्लूटूथ शोधा. तिथे 'ब्लूटूथ ऑडिओ' किंवा 'हेडफोन' असं दिसलं, तर हेडफोन थेट जोडता येतो. नुसतं ब्लूटूथ दिसलं म्हणून खूश होऊ नका. काही टीव्हींत ते फक्त रिमोटसाठी असतं.

साधा टीव्ही असेल तर 'ट्रान्समीटर' लागतो. हे काडेपेटीएवढं यंत्र टीव्हीचा आवाज घेऊन हेडफोनकडे पाठवतं. आमची चूक नेमकी इथे झाली. बाजारात अगदी तसंच दिसणारं, पण उलटं काम करणारं यंत्र मिळतं. ते 'रिसीव्हर' असतं, म्हणजे मोबाइलचा आवाज घेऊन गाडीच्या स्पीकरला देणारं. 'कार ब्लूटूथ' म्हणून विकतात ते हेच. टीव्हीला ते लावून काहीही होत नाही. डब्यावर 'टीएक्स' किंवा 'ट्रान्समीटर' लिहिलेलं आहे का, ते पाहा. फक्त 'आरएक्स' किंवा 'रिसीव्हर' असेल तर घेऊ नका. दोन्ही कामं करणाऱ्या यंत्रावर एक छोटी कळ असते. ती 'टीएक्स'कडे सरकवावी लागते.

आता हा ट्रान्समीटर जोडायचा कुठे? तीन जागा आहेत.

• टीव्हीचं गोल, लहान हेडफोनचं भोक. सोपी जागा. पण इथे पिन घातली की बहुतेक टीव्हींचा स्वतःचा आवाज बंद होतो. आबा ऐकतील, बाकी घर मुकं चित्र पाहील.

• लाल-पांढरी भोकं. टीव्हीवरची बहुतेक 'इन' असतात, म्हणजे आवाज आत घेणारी. त्यांचा उपयोग नाही. पण डीडी फ्री डिश किंवा केबलच्या सेट-टॉप बॉक्सच्या मागे 'आउट' लिहिलेली लाल-पांढरी भोकं असतात. बॉक्स टीव्हीला एचडीएमआय वायरने जोडलेला असेल तर ती सहसा रिकामीच पडलेली असतात. ट्रान्समीटर तिथे लावला की टीव्हीच्या स्पीकरचा आवाज रिमोटने हवा तेवढा कमी ठेवता येतो आणि आबांना त्यांच्या हेडफोनमध्ये हवा तेवढा मिळतो. दोघांचंही समाधान.

• 'ऑप्टिकल' नावाचं चौकोनी भोक. आत लाल उजेड दिसतो. यासाठी ऑप्टिकल जोडणीचा ट्रान्समीटर वेगळा मागावा लागतो. जोडूनही आवाज आला नाही, तर टीव्हीच्या डिजिटल आवाजाच्या सेटिंगमध्ये 'पीसीएम' निवडा.

दुकानात जाण्याआधी टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स या दोन्हींच्या मागच्या बाजूचे फोटो मोबाइलवर काढून न्या. निम्मं काम तिथेच होतं.

आणि एक फुकटाएवढा पर्याय. टीव्हीला हेडफोनचं भोक असेल आणि आजोबा एकटेच पाहत असतील, तर साधा वायरचा हेडफोन आणि पाच मीटरची जोडवायर पुरते. चार्जिंग नको, जोडाजोडी नको. फक्त वायर भिंतीच्या कडेने न्या, म्हणजे कुणी पाय अडकून पडणार नाही.

२. ओठ आधी हलतात, शब्द नंतर येतो

ब्लूटूथ जोडल्यावर दुसरी तक्रार येते, "बाई बोलायची थांबली तरी आवाज येतोय." हा हेडफोनचा बिघाड नसतो. टीव्हीतला आवाज आधी लहान लहान तुकड्यांत बांधला जातो, हवेतून पाठवला जातो आणि हेडफोनमध्ये पुन्हा उलगडला जातो. साध्या ब्लूटूथमध्ये यात साधारण 150 ते 250 मिलिसेकंद जातात. आवाज चित्राच्या मागे 125 मिलिसेकंदांच्या आसपास पडला की माणसाला ते जाणवू लागतं, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या प्रसारणविषयक शिफारशीत दिलेलं आहे.

मुलांना हे समजवायला गंगाखेडचा घाट उपयोगी पडतो. गोदावरीच्या पलीकडच्या काठावर कुणी कपडे धूत असेल, तर कपडा दगडावर आपटलेला आधी दिसतो आणि आवाज नंतर येतो. आवाजाचा हवेतला वेग सेकंदाला साधारण 340 मीटर. आता गणित करा: 0.2 × 340 = 68. म्हणजे 200 मिलिसेकंद उशीर झाला, तर चार हातांवरच्या टीव्हीतला माणूस 68 मीटर लांबून बोलत असल्यासारखं होतं. नववीच्या 'ध्वनीचा अभ्यास' या भागाला जोडून हे उदाहरण वर्गात चांगलं रंगतं.

मग मोबाइलवर व्हिडिओ पाहताना हाच हेडफोन बरोबर का चालतो? कारण मोबाइलला उशीर किती होणार हे ठाऊक असतं आणि तो चित्रही तेवढंच थांबवून दाखवतो. सेट-टॉप बॉक्समधून येणारं चित्र ट्रान्समीटरला थांबवता येत नाही. म्हणून दुकानात मोबाइलवर ऐकून 'एकदम ओके' म्हणू नका. टीव्हीवर बातम्या लावून निवेदकाच्या ओठांकडे बघत ऐका.

उशीर कमी करायचा असेल तर 'लो लेटन्सी' लिहिलेली जोडी घ्या. पण ती सोय ट्रान्समीटर आणि हेडफोन दोन्हींत एकाच प्रकारची हवी. उदाहरणार्थ, 'एपीटी-एक्स लो लेटन्सी' या पद्धतीत उशीर 40 मिलिसेकंदांच्या आसपास येतो, पण एका बाजूलाच ती असेल तर साधं ब्लूटूथच चालतं. स्वस्त बड्सवरचा 'गेमिंग मोड' मुख्यतः मोबाइलसाठी असतो; टीव्हीवर त्याचा फायदा होईलच असं नाही.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'ऑडिओ डिले' असतं, त्यानं काही होईल का? बहुतेक टीव्हींत ते आवाजाला आणखी मागे ढकलतं. मागे पडलेल्या आवाजाला ते पुढे आणू शकत नाही.

खास टीव्हीसाठीचे 'आरएफ' हेडफोनही असतात. त्यांच्यासोबत एक स्टँड येतो, हेडफोन त्यावर ठेवला की चार्ज होतो. जुन्या पद्धतीच्या आरएफ संचात उशीर जवळजवळ नसतो आणि आवाज शेजारच्या खोलीतही पोचतो. पण किंमत काही हजारांत जाते. नुसत्या बातम्या, कीर्तन आणि क्रिकेट ऐकणाऱ्याला थोडा उशीर चालत असेल, तर एवढा खर्च करू नका.

३. कुणाच्या कानाला काय?

कानातले बड्स : दिसायला छान, खिशात मावतात. पण एकेका बडची बॅटरी इवलीशी, कळ म्हणजे नुसता स्पर्श, आणि पडला की पलंगाखाली. हात थरथरणाऱ्या किंवा नजर अधू झालेल्या माणसासाठी नकोत. कान वाहत असेल तर कुणासाठीच नकोत.

नेकबँड, म्हणजे गळ्यात अडकवायचा : हजार रुपयांच्या आसपास चांगला मिळतो. कानातून निसटला तरी गळ्यात राहतो, कळा दाबायच्या असतात, बॅटरी बड्सपेक्षा मोठी. शिक्षकांच्या ऑनलाइन प्रशिक्षणाला आणि रोजच्या फोनला हाच सोयीचा.

डोक्यावरचा हेडफोन : साधारण बाराशे ते अडीच हजार. यातही दोन जाती आहेत. एक कानावर टेकतो, दुसरा पूर्ण कान झाकतो. वयस्कर माणसाला टीव्हीसाठी कान झाकणारा बरा. एक तर तो कानात खुपत नाही. दुसरं, पंख्याचा आणि कूलरचा आवाज बाहेरच राहतो, त्यामुळे टीव्हीचा आवाज वाढवावा लागत नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये कूलर घरघरत असतो, तेव्हा हा फरक कळतो. तोटाही उन्हाळ्यातच: कानाला घाम येतो. गादीचं आवरण कापडी किंवा जाळीचं असेल तर बरं, आणि मध्ये मध्ये काढून ठेवायचा.

वजन नक्की पाहा. 250 ग्रॅमच्या वर गेला की म्हाताऱ्या मानेला जाणवतो. टोपी घालणाऱ्या आजोबांनी टोपीसकट लावून पाहावा. आमचे आबा टोपीवरूनच लावतात.

४. डब्यावरच्या शब्दांचा अर्थ

• एएनसी आणि ईएनसी : एका अक्षराचा फरक, काम अगदी वेगळं. एएनसी म्हणजे तुमच्या कानात येणारा बाहेरचा आवाज कमी करणारी सोय. ईएनसी म्हणजे फोनवर समोरच्याला तुमचं बोलणं स्पष्ट जावं यासाठीची माइकची सोय. टीव्ही ऐकायला ईएनसीचा काही उपयोग नाही. त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

• '40 तास बॅटरी' : हा आकडा बहुधा मध्यम आवाजावरचा असतो. आवाज मोठा ठेवला की तास घटतात. बड्सच्या बाबतीत तर त्यात डबीतलं चार्जिंगही धरलेलं असतं.

• आयपीएक्स 4 : घामाचे, पाण्याचे शिंतोडे चालतात. भिजवायला परवानगी नाही.

• आर-क्रमांक : वायरलेस हेडफोनला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. डब्यावर किंवा वस्तूवर मानक चिन्हासोबत 'आर-' आणि पुढे आठ अंक असतात. 'बीआयएस केअर' ॲपवर तो क्रमांक टाकला की कंपनीचं नाव दिसतं. नाव जुळत नसेल तर ती वस्तू परत ठेवा.

५. आवाज किती आणि किती वेळ?

पालकांनी हा भाग घाईत सोडू नये, ही विनंती. जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित श्रवणाच्या मानकात मोठ्या माणसाला आठवड्याला 80 डेसिबल आवाज 40 तास, आणि मुलांना 75 डेसिबल 40 तास, अशी मर्यादा धरली आहे. डेसिबलचा हिशेब आपल्या साध्या बेरजेसारखा नाही. आवाज 3 डेसिबलने वाढला की त्याची ऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्मा होतो. मोठ्यांसाठी आठवड्याचा हिशेब असा:

80 डेसिबल – 40 तास
83 डेसिबल – 20 तास
86 डेसिबल – 10 तास
89 डेसिबल – 5 तास
92 डेसिबल – अडीच तास

म्हणजे कळ दोन-चार वेळा जास्त दाबली की आठवड्याचा कोटा एका सिनेमात संपतो. आपल्याजवळ डेसिबल मोजायचं यंत्र नसतं. म्हणून घरगुती कसोट्या वापरा: आवाज निम्म्याच्या जरा वर, साठ टक्क्यांपर्यंत, तासाभराने कानाला विश्रांती, आणि हेडफोन लावलेल्या मुलापासून हातभर अंतरावर तुम्हाला गाणं ऐकू आलं तर आवाज जास्त आहे. मोबाइलच्या सेटिंगमध्ये आवाजाला वरची मर्यादा घालण्याची सोय बऱ्याचदा असते, ती मुलांच्या फोनवर लावून ठेवा. हेडफोन काढल्यावर कानात 'कुंई' असा आवाज राहत असेल, तर ती धोक्याची सूचना समजा. आतल्या कानातल्या संवेदनशील पेशी एकदा गेल्या की माणसात त्या पुन्हा येत नाहीत.

६. 'ऐकू येतं, पण समजत नाही'

आता पुन्हा आबांकडे. वय वाढतं तशी उंच पट्टीच्या आवाजांची जाण आधी जाते. भाषेत 'आ', 'ओ' हे स्वर जाड आणि मोठे असतात, तर 'स', 'श', 'फ', 'थ' ही व्यंजनं बारीक आणि उंच पट्टीची. स्वर ऐकू येतात, म्हणून माणूस म्हणतो 'मला ऐकू येतंय'. व्यंजनं निसटतात, म्हणून शब्द चुकतो. कापसाचा भाव 'सात हजार' सांगितला आणि 'स' निसटला, की 'आठ हजार' ऐकल्यासारखं होतं. आबा खोटं बोलत नव्हते. त्यांना आवाज येत होता, शब्द येत नव्हता. आणि न कळलेल्या वाक्याला मान डोलवायची सवय त्यांना कधीची लागली होती, ते घरात कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

हेडफोनने मदत होते, कारण आवाज खोलीभर न फिरता थेट कानापाशी येतो. पण हेडफोन म्हणजे श्रवणयंत्र नव्हे. हेडफोनमध्येही आवाज पार वर न्यावा लागत असेल, एकाच कानाने कमी ऐकू येत असेल, किंवा अचानक ऐकू येईनासं झालं असेल, तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. अचानक गेलं असेल तर त्याच दिवशी जा. पुष्कळदा कानात नुसता मळ साचलेला असतो. काडी, पिन घालून तो काढू नका.

खर्चाची अडचण असेल तर मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षं पूर्ण झालेल्या, कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना साहाय्यक साधनांसाठी 3000 रुपयांचं एकवेळचं साहाय्य आहे. त्यात चष्म्यासोबत श्रवणयंत्रही येतं. आणि वर्गातलं एखादं मूल सारखं 'काय सर?' म्हणत असेल, उत्तर देताना ओठांकडे बघत असेल, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येईल तेव्हा त्याचं नाव आवर्जून सांगा. 'लक्ष नाही' हा शेरा लिहिण्याआधी कान तपासलेले बरे.

७. रोजच्या ऐकण्यात एवढं सांभाळा

• मोबाइलवरच्या एफएम रेडिओला साधारणपणे वायरचा इअरफोनच लागतो, कारण ती वायर अँटेनाचं काम करते. वायरलेस घेऊन ते काम होत नाही. इंटरनेट असेल तर 'न्यूज ऑन एअर' ॲपवर आकाशवाणीची केंद्रं ऐकता येतात.
• हेडफोन एकदा आजोबांच्या मोबाइलला जोडला की पुढच्या वेळी तो टीव्ही सोडून मोबाइललाच चिकटतो. टीव्हीच्या वेळी मोबाइलचं ब्लूटूथ बंद ठेवा.
• रस्त्यावर, दुचाकीवर, रेल्वे रुळाजवळ आणि रात्री शेतात दोन्ही कान झाकू नका.
• एकाचे बड्स दुसऱ्याने वापरू नयेत. कोरड्या कापडाने पुसायचे.
• बॅटरी फुगलेली दिसली तर चार्ज करू नका, कचऱ्यात किंवा चुलीत टाकू नका. ई-कचरा म्हणून वेगळी द्या.

८. दुकानात जाताना

1. टीव्ही आणि बॉक्सच्या मागचे फोटो सोबत आहेत का?
2. वापरणारा माणूस सोबत आहे का? त्याच्या डोक्याला, कानाला, बोटांना लावून पाहा.
3. चालू-बंद आणि आवाज यांच्या कळा बघितल्याशिवाय, नुसत्या चाचपून सापडतात का?
4. टीव्हीवर लावून ओठ आणि आवाज जुळतात का?
5. पक्कं बिल, वॉरंटी आणि आर-क्रमांक आहे का? ऑनलाइन घेत असाल तर पैसे परत मिळणार की फक्त वस्तू बदलून मिळणार, हे आधी वाचा. तक्रार ऐकली गेली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.

त्या घरात शेवटी काय झालं? सेट-टॉप बॉक्सच्या लाल-पांढऱ्या भोकांना ट्रान्समीटर लागला, कान झाकणारा एक साधा हेडफोन आला. पहिल्या आठवड्यात नवीनच अडचण निघाली. आबांना कुणी हाक मारलेली ऐकू येईना, तेव्हा ते आणखी एकटे पडले. मग घरानं एक रीत ठरवली: नातीच्या अभ्यासाचे दोन तास हेडफोन, जेवणाच्या वेळी तो काढून ठेवायचा, आणि बोलायचं असेल तर समोर येऊन, खांद्याला हात लावून बोलायचं. कानांची तपासणीही करून घेतली. दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, हे तेव्हा पहिल्यांदा कागदावर आलं. श्रवणयंत्रासाठीचा अर्ज आम्ही मिळून भरला.

म्हणून गृहभेटीत टीव्हीचा आवाज फार मोठा वाटला, तर 'आवाज कमी करा' म्हणून परत येऊ नका. तिथल्या म्हाताऱ्या माणसाजवळ दोन मिनिटं बसा. त्याच्या पाठीमागून, नेहमीच्या आवाजात एक साधा प्रश्न विचारा. उत्तर काय येतं, ते बघा. हेडफोनचं त्यानंतर ठरवू या.